प्लेटवर खड्डा पडतो, पण ब्रॉथमध्ये साखर सापडत नाही: समुद्री जिवाणू बहुशर्करा तोडतात कुठे आणि आत घेतात कशा?

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी तुमच्याच प्रश्नाचं उत्तर देतेय ना, हे तुम्हाला तपासता येईल. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही मालवणच्या खडकांवरून सरगॅसम हे तपकिरी शैवाल आणलंत. त्यावरचे जिवाणू झोबेल मरीन अगारवर, म्हणजे अगार या बहुशर्करेने (साखरांची लांब साखळी) घट्ट केलेल्या माध्यमावर, वाढवलेत आणि चार-पाच दिवसांनी काही कॉलनी अगारमध्ये रुतलेल्या दिसल्या. म्हणजे अगार पचतंय, असा तुमचा अंदाज. मग तेच आयसोलेट (वेगळे काढलेले जिवाणू) झोबेल ब्रॉथमध्ये, म्हणजे त्याच माध्यमाच्या द्रव रूपात, ०.२ टक्के अगार घालून वाढवलेत, २४ तासांनी सेंट्रिफ्यूज केलंत आणि सुपरनेटंटची, म्हणजे वरच्या निवळ द्रवाची, डीएनएस ही साखर मोजणारी चाचणी केलीत. रीडिंग ब्लँकइतकंच, म्हणजे तुलनेच्या कोऱ्या नळीइतकंच. गाईड म्हणाले, 'एन्झाइम नाही, सोडून द्या.' आता खरं कोण, प्लेट की टेस्ट ट्यूब, हा तुमचा प्रश्न. शिवाय जाता जाता विचारलंय की एवढा अवाढव्य रेणू जिवाणूच्या आत शिरतो तरी कसा. माझ्या मते हा जाता जाता विचारलेला प्रश्नच मुख्य आहे. त्याचा उलगडा झाला की पहिल्याचं कोडं राहत नाही.

तोवर एक करा, आयसोलेट फेकू नका.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. जिवाणू बहुशर्करा तोडतो का, हा पहिला. तोडत असेल तर कुठे तोडतो, पेशीपासून दूर पाण्यात, पेशीच्या पृष्ठभागावर, की आत नेऊन, हा दुसरा. आणि तुटलेली साखर शेवटी कोणाच्या पदरात पडते, हा तिसरा. सुपरनेटंटमधली डीएनएस चाचणी यांतल्या एकाचंही थेट उत्तर देत नाही. ती एवढंच सांगते की त्या क्षणी बाहेरच्या पाण्यात कोणीही न उचललेली साखर किती शिल्लक आहे. शिल्लक शून्य म्हणून उत्पन्न शून्य, असं कोणी म्हणणार नाही. पण प्रयोगशाळेत आपण सर्रास तसं लिहून मोकळे होतो.

आधी आकाराचा हिशेब करू. समुद्रातले बहुतेक जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे त्यांना दोन पटलं असतात आणि त्या दोहोंमध्ये पेरिप्लाझम नावाची अरुंद जागा. बाहेरच्या पटलात पोरिन नावाची साधी छिद्रं असतात, त्यांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू आपसूक आत जातात. ग्लुकोज १८० डाल्टनचं. तीन ग्लुकोज जोडलेली साखर ५०४, म्हणजे कशीबशी जाईल. चार जोडली की ६६६, संपलं. आता लॅमिनारिन घ्या. तपकिरी शैवालं आणि डायाटम ही सूक्ष्म शैवालं यांचं हे साठवणीचं अन्न, आणि समुद्रातल्या बहुशर्करांमध्ये सगळ्यांत सोपं. तरी त्यात २० ते ३० ग्लुकोज एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे रेणू ४,००० डाल्टनच्या आसपास. अगारोजची साखळी तर लाखाच्या घरात. म्हणून पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की जिवाणू बाहेर एन्झाइम सोडतो, ते मोठ्या रेणूचे बारीक तुकडे करतं आणि ते तुकडे पोरिनमधून आत येतात. हे चूक नाही. पण अर्धंच आहे, आणि तुमचे गाईड या अर्ध्यावर विसंबून निर्णय देताहेत.

बाहेर एन्झाइम सोडणारे जिवाणू आहेतच. व्हिब्रिओ, अल्टेरोमोनास, स्यूडोअल्टेरोमोनास यांच्यात असे कितीतरी सापडतात. एन्झाइम पेरिप्लाझममधून बाहेरच्या पटलापलीकडे फेकायला त्यांच्याकडे टाइप-टू नावाची स्रावयंत्रणा असते. शैवालाच्या पानावर, चिकट गाळाच्या कणावर, किंवा तुमच्या प्लेटवर हा व्यवहार परवडतो, कारण एन्झाइमही जवळ राहतं आणि साखरही. मोकळ्या पाण्यात गणित बदलतं. पृष्ठभागालगतच्या समुद्राच्या पाण्यात एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख जिवाणू असतात. ऐकायला खूप वाटतात, पण वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला १०० मायक्रोमीटर बाजूचा पाण्याचा ठोकळा येतो आणि जिवाणू स्वतः जेमतेम एक मायक्रोमीटरचा, बऱ्याचदा त्याहूनही लहान. एवढ्या पाण्यात सोडलेलं एन्झाइम परत भेटण्याची शक्यता किती? त्याने तोडलेली साखर तरी आपल्याच तोंडाशी येईल याची खात्री काय? शेजारी असे असतात जे एन्झाइम बनवण्याचा खर्च करत नाहीत आणि तयार साखर मात्र ओढतात. प्रथिन बनवायला नायट्रोजन लागतो आणि समुद्रात त्याची टंचाई नेहमीची. इतकं महाग प्रथिन पाण्यात सोडून देणं प्रत्येकाला झेपत नाही.

मग दुसरा मार्ग काय? त्याचा शोध समुद्रात नाही, माणसाच्या आतड्यात लागला. बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन हा आपल्या आतड्यातला जिवाणू स्टार्च कसा खातो, यावर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ॲबिगेल सॅलियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. त्यातून जी यंत्रणा उलगडली तिला 'सस' म्हणतात, स्टार्च वापरण्याची यंत्रणा या इंग्रजी नावाचं लघुरूप. तिच्यातली दोन प्रथिनं आपल्या कामाची. सस-सी हे बाहेरच्या पटलात रुतलेलं नळीसारखं प्रथिन, आणि सस-डी हे त्या नळीच्या तोंडावर बिजागरीने बसवल्यासारखं झाकण. २०१७ साली अशा जोडीची रचना आणि हालचाल प्रसिद्ध झाली, तेव्हा संशोधकांनी तिला पायाने उघडायच्या कचरापेटीची उपमा दिली होती, आणि ती चपखल आहे. झाकण उघडं असताना साखळीचा तुकडा येऊन चिकटतो, झाकण मिटतं, आणि माल खाली पेरिप्लाझममध्ये ओढला जातो. ओढायला लागणारी ऊर्जा आतल्या पटलावरच्या प्रोटॉनच्या फरकातून येते आणि टॉन-बी नावाचं प्रथिन ती बाहेरच्या पटलापर्यंत पोचवतं. बाहेरच्या पटलाला स्वतःची ऊर्जा नसते, हे लक्षात ठेवा. पुढे प्रयोग करताना त्याचा उपयोग होणार आहे.

झाकणाशेजारीच, पेशीच्या पृष्ठभागावर, एक-दोन एन्झाइमं मेदाच्या खुंटीने बांधलेली असतात. ती लांब साखळीचे जाडेभरडे तुकडे करतात, अगदी बारीक करत बसत नाहीत. जाडे तुकडे झाकणाखालून आत जातात, पेरिप्लाझममध्ये दुसरी एन्झाइमं त्यांची सुटी साखर करतात आणि ती आतल्या पटलातून पेशीत जाते. या सगळ्याचे जनुक जीनोमवर शेजारीशेजारी असतात. त्या गटाला पीयूएल (बहुशर्करा वापरण्याचा जनुकगट) म्हणतात, आणि सहसा एका प्रकारच्या बहुशर्करेला एक पीयूएल असं गणित असतं. समुद्रातले बॅक्टेरॉइडोटा, म्हणजे पूर्वी ज्यांना आपण बॅक्टेरॉइडेटीज म्हणायचो ते, या बाबतीत श्रीमंत. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटाजवळून मिळवलेल्या ग्रामेला फॉर्सेटीचा जीनोम २००६ साली प्रसिद्ध झाला. या जिवाणूत लॅमिनारिनसाठी वेगळं आणि अल्जिनेटसाठी वेगळं पीयूएल आहे. फ्रान्समधल्या रोस्कॉफच्या किनाऱ्यावर लाल शैवालातून मिळालेला झोबेलिया गॅलॅक्टॅनिव्होरन्स अगार, कॅराजीनन, पोर्फायरन, अल्जिनेट सगळंच खातो.

आता तुमच्या टेस्ट ट्यूबशी थेट संबंध असलेली गोष्ट. २०१५ साली यीस्टच्या मॅननवर वाढणाऱ्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्समध्ये असं दिसलं की तोडलेल्या साखरेतलं बाहेर जवळजवळ काहीच सांडत नाही. या पद्धतीला संशोधकांनी सरळ 'स्वार्थी' असं नाव दिलं. समुद्रात हे होत असेल का? २०१७ साली अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या एका सफरीतल्या नमुन्यांवर काम प्रसिद्ध झालं. बहुशर्करांना चमकणारा रंग जोडून त्या समुद्राच्या पाण्यात घातल्या, आणि काही वेळाने अतिसूक्ष्म विभेदन असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही नमुन्यांत एकूण पेशींपैकी २६ टक्क्यांपर्यंत पेशी आतून चमकत होत्या. पटल वेगळ्या रंगाने रंगवल्यावर कळलं की चमक पेशीच्या आत आहे, पण सायटोप्लाझममध्ये नाही. म्हणजे पेरिप्लाझममध्ये. रंग जोडलेला मोठा तुकडा तसाच आत ओढला गेला होता. हे जिवाणू कोण, तर बॅक्टेरॉइडोटा, प्लँक्टोमायसीट्स आणि कॅटेनोव्हुलम नावाची गॅमाप्रोटिओबॅक्टेरियातली एक प्रजाती.

असा जिवाणू तुमच्या ब्रॉथमध्ये असेल, तर सुपरनेटंटमध्ये डीएनएस लावून काय मिळणार? काहीच नाही. आणि तरीही तो पोटभर खात असेल.

इथे थोडा ब्रेक लावते. तुमच्या आयसोलेटच्या बाबतीत हेच घडतंय, असं मी म्हणत नाही. एवढ्या माहितीवर ते सांगताच येत नाही, आणि तुमच्या प्रयोगात याहून साध्या चार कारणांना जागा आहे. ती आधी काढून टाकली पाहिजेत.

पहिलं कारण ब्रॉथ. झोबेलच्या माध्यमात लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन (प्रथिनांचे तयार तुकडे) आणि १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं. त्यात तुम्ही २ ग्रॅम अगार घातलंत. ताटात पुरणपोळी असताना कोणी ऊस सोलत बसत नाही. तुम्ही म्हणाल, प्लेटमध्येही तेच माध्यम होतं, तिथे खड्डा पडलाच की. बरोबर. पण प्लेटवर कॉलनी चार-पाच दिवस एकाच जागी बसलेली असते, तिच्याखालचं पेप्टोन संपतं आणि मग अगारकडे मोर्चा वळतो. ब्रॉथचं रीडिंग तुम्ही २४ तासांनी घेतलंत, तेव्हा पेप्टोन भरपूर शिल्लक असणार.

दुसरं कारण डीएनएसची पोच. ही चाचणी साखरेची मोकळी टोकं मोजते, साखरेचं वजन नाही. ०.२ टक्के म्हणजे मिलिलिटरला २ मिलिग्रॅम अगार. ते सगळंच्या सगळं तुटून सहा-सहा साखरांचे तुकडे झाले, असं धरू. प्रत्येक तुकड्याला मोजण्याजोगं टोक एकच. ग्लुकोजच्या भाषेत हे मिलिलिटरला जेमतेम ०.४ मिलिग्रॅम भरतं. आणि अगारचा दहावा हिस्साच तुटला असेल तर ०.०४. नेहमीच्या पद्धतीने केलेली डीएनएस ०.१ च्या खाली भरवशाची राहत नाही. म्हणजे जिवाणूने काम केलं, साखर कोणी खाल्लीही नाही, तरीही तुमचं रीडिंग ब्लँकइतकंच आलं असतं. स्टँडर्ड ग्राफ काढताना सगळ्यांत खालचा बिंदू कुठला घेतला होतात, तो वहीत पाहा.

तिसरं, समुद्राचं पाणी. डीएनएसच्या द्रावणात भरपूर कॉस्टिक असतं आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला सव्वा ग्रॅमहून जास्त मॅग्नेशियम. दोन्ही एकत्र आले की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा गढूळपणा येऊ शकतो आणि ५४० नॅनोमीटरला ब्लँकच फुगतो. फुगलेल्या ब्लँकमधून खरी वाढ वजा झाली तर हातात शून्य येतं. उकळून गार केलेल्या नळ्या उजेडाकडे धरून बघा, आणि तळाला पांढुरकं दिसलं तर वाचण्याआधी सेंट्रिफ्यूज करा. ब्लँक त्याच माध्यमाचा हवा, डिस्टिल्ड पाण्याचा नको.

चौथं कारण जरा खट्याळ आहे. ०.२ टक्के अगार थंड झाल्यावर पूर्ण विरघळलेलं राहत नाही, त्याचे मऊ गोळे होतात. सेंट्रिफ्यूज केल्यावर ते पेशींसोबत खाली बसतात आणि त्यांच्यात अडकलेले तुकडेही. ओडीसुद्धा (गढूळपणावरून मोजलेली वाढ) त्यामुळे बेभरवशाची.

आता एक अडचण तुम्ही विचारलीच नाहीत, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुम्ही सरगॅसमवरचे जिवाणू घेतलेत, आणि सरगॅसममध्ये अगार नसतंच. ते तपकिरी शैवाल. त्याच्या भिंतीत अल्जिनेट आणि फ्यूकॉयडन, साठवणीत लॅमिनारिन. अगार लाल शैवालांचं, जिलिडिएला, जिलिडियम, ग्रॅसिलेरिया यांचं. मालवणच्या खडकांवर हे सगळे शेजारीशेजारी राहतात, त्यामुळे सरगॅसमवर अगार खाणारा जिवाणू सापडणं नवल नाही. पण तुमच्या प्रबंधाचा विषय सरगॅसमचं विघटन असेल, तर अगारमधला खड्डा हा पुरावा विषयाला धरून नाही. खड्डा पाडणारे तुम्ही निवडलेत आणि बाकीच्या कॉलनी बहुधा टाकल्यात. त्या बाकीच्यांत अल्जिनेट खाणारे बसले असतील. प्लेटा अजून फ्रीजमध्ये असतील तर आजच बाहेर काढा.

मी तुमच्या जागी असते तर कामाची आखणी अशी केली असती.

पेप्टोनशिवायचं साधं माध्यम बनवा. कृत्रिम समुद्रपाणी, नायट्रोजनसाठी अमोनियम क्लोराइड, अगदी थोडं फॉस्फेट (जास्त घातलंत तर ऑटोक्लेव्हमध्ये सगळं खाली बसेल), ट्रिस बफर, आणि कार्बनसाठी फक्त एक बहुशर्करा. द्रव प्रयोगाला अगार घेऊच नका, विरघळणारी बहुशर्करा घ्या. अल्जिनेट स्वस्त आहे आणि तुमच्या शैवालाशी त्याचा थेट संबंध आहे. मात्र कॅल्शियम कमी ठेवा, नाहीतर माध्यमातच जेल होईल. सोबत तुलनेसाठी दोन कंट्रोल नळ्या हव्यातच, एक बहुशर्करेशिवाय जिवाणू घातलेली आणि एक जिवाणूशिवाय बहुशर्करा घातलेली. इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला घालायचं कल्चर, पेप्टोनवर वाढवलेलं असेल तर पहिला-दुसरा दिवस काहीच हलणार नाही. घाबरू नका, एकदा त्याच माध्यमात पुन्हा लावा आणि मग मोजणी सुरू करा.

मोजायचं काय? डीएनएस असू द्या, पण एकटी नको. सुपरनेटंटमधली एकूण साखर फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीने ४९० नॅनोमीटरला मोजा आणि पेशींमधलं प्रथिन मोजा. एकूण साखर घटतेय, प्रथिन वाढतंय आणि डीएनएस तळाशीच आहे, असं तिहेरी चित्र दिसलं तर साखर गेली कुठे याला एकच उत्तर उरतं, पेशीत. एकूण साखर तेवढीच राहून डीएनएस वाढत असेल तर जिवाणू बाहेर तोडतोय आणि ओढण्यात मागे पडतोय. फिनॉल-सल्फ्युरिक फ्यूम हूडमध्येच करा, आणि अल्जिनेटमधल्या युरोनिक आम्लांना त्यात ग्लुकोजपेक्षा फिका रंग येतो म्हणून स्टँडर्ड अल्जिनेटचाच घ्या.

अल्जिनेटचा आणखी एक फायदा आहे. त्याला तोडणारी एन्झाइमं बहुतांशी लायेज प्रकारची, म्हणजे पाण्याचा रेणू न वापरता बंध तोडणारी. तुटल्यावर तुकड्याच्या टोकाला दुहेरी बंध उरतो आणि तो २३५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. क्युव्हेटमध्ये अल्जिनेट आणि एन्झाइम एकत्र केलं की रीडिंग डोळ्यांदेखत चढतं. यासाठी क्युव्हेट क्वार्ट्झचंच लागतं. काचेचं किंवा साधं प्लास्टिकचं त्या तरंगलांबीला चालत नाही. आणि पेप्टोनवाला सुपरनेटंट वापरलात तर सुरुवातीलाच रीडिंग आभाळाला भिडलेलं असेल.

यानंतर एन्झाइम कुठे आहे ते पाहा. कल्चर सेंट्रिफ्यूज करा. सुपरनेटंट एका बाजूला. खालच्या पेशी धुवा आणि त्यांचे दोन भाग करा, एक अख्खा ठेवा, दुसरा बर्फावर सोनिकेट करून फोडा. तिन्हींना तीच बहुशर्करा द्या. अख्ख्या, धुतलेल्या पेशी काम करताहेत आणि सुपरनेटंट गप्प आहे, म्हणजे एन्झाइम पृष्ठभागाला बांधलेलं आहे. सुपरनेटंटच जोरात आहे, म्हणजे ते बाहेर सोडलेलं आहे. फक्त फोडलेल्या पेशी काम करताहेत, तर जपून. ते आतल्या टप्प्याचं एन्झाइम असू शकतं, किंवा पृष्ठभागावरचं इतकं मंद की अख्ख्या पेशींत दिसलंच नाही.

या प्रयोगात मुलं हमखास अडखळतात ती जागा पेशी धुण्याची. सवयीने डिस्टिल्ड पाणी घेतात. समुद्री जिवाणू गोड्या पाण्यात फुगून फुटतात, आतलं एन्झाइम पाण्यात येतं आणि आपण आनंदाने 'बाह्यस्रावी' लिहितो. धुवायला निर्जंतुक समुद्राचं पाणी, किंवा मॅग्नेशियम घातलेलं खारं पाणीच घ्यायचं. दुसरी अडचण अशी की अख्ख्या पेशी जिवंत असतात, तयार झालेली साखर त्या लगेच ओढतात आणि डीएनएस पुन्हा शून्य. मघाशी म्हटलं होतं की बाहेरच्या पटलाला स्वतःची ऊर्जा नसते. श्वसन रोखलं की आत ओढण्याचा वेग बराच पडतो, पण पृष्ठभागावरचं एन्झाइम तोडत राहतं आणि साखर बाहेर साचू लागते. त्यासाठी सोडियम अझाइड वापरतात. ते जहाल विष आहे, आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो आणि सिंकमध्ये ओतायचं नसतं, म्हणून गाईड शेजारी असतानाच करा. अझाइड घातलेला ब्लँक वेगळा ठेवा. अझाइडशिवाय शून्य आणि अझाइडसह साखर, असा फरक मिळाला तर तो तुमच्या प्रबंधातला सर्वांत बोलका आलेख ठरेल.

प्लेटवरूनही थोडंफार कळतं. जुन्या प्लेटवर लुगॉलचं आयोडीन ओता आणि काही मिनिटांनी निथळून टाका. शाबूत अगार तपकिरी होतं, तुटलेल्या जागी फिकट वलय राहतं. कॉलनीच्या कितीतरी पलीकडे वलय पसरलं असेल तर एन्झाइम सुटं होऊन अगारमध्ये झिरपलंय. खड्डा खोल पण वलय कॉलनीच्या कडेलाच थबकलेलं, तर एन्झाइम पेशीला धरून असण्याची शक्यता वाढते. शक्यताच म्हणते, कारण वलय अगारच्या टक्क्यावर, दिवसांवर, कॉलनीच्या आकारावर अवलंबून असतं, आणि सरपटत पसरणाऱ्या कॉलनीत हा हिशेब चालतच नाही. आयोडीनने अजिबात वलय आलं नाही तर खड्ड्याचाही फेरविचार करा. लूपने तळ टोचून पाहा. पचलेलं अगार मऊ, ओलसर लागतं.

जीनोमचे पैसे असतील तर उत्तम, नसतील तर निदान १६एस (ओळख पटवणारं जनुक) करून घ्या. बॅक्टेरॉइडोटा निघाला, झोबेलिया किंवा सेल्युलोफॅगाच्या जवळचा, तर झाकणवाली यंत्रणा असण्याचा संभव दांडगा. व्हिब्रिओ किंवा अल्टेरोमोनास निघाला तर सस-डी शोधत बसू नका, सस-सी आणि सस-डी ही जोडी बॅक्टेरॉइडोटाची खासियत. गॅमाप्रोटिओबॅक्टेरियांकडे टॉन-बीवर चालणारी दारं असतात, पण झाकणाशिवायची. जीनोम असेल तर सस-सी आणि सस-डी शेजारीशेजारी, आणि त्यांच्या अवतीभवती लायेज किंवा अगारेज, असा गट कॅझी या बहुशर्करा-एन्झाइमांच्या डेटाबेसच्या आधाराने शोधता येतो. जनुक दिसलं म्हणजे ते चालू आहे, असं मात्र समजू नका.

सरगॅसमवर काम करताय म्हणून फ्यूकॉयडनबद्दल सावध करते. तिकडे वळावं असा मोह होईल, कारण विषय गाजतोय. पण फ्यूकॉयडनची साखळी शैवालागणिक बदलते आणि तिला जागोजागी सल्फेट चिकटलेलं असतं. ते सोलायला सल्फेटेज लागतात, त्याशिवाय कात्री चालतच नाही. २०२० साली लेंटिमोनास नावाच्या जिवाणूवर काम प्रसिद्ध झालं. एका फ्यूकॉयडनसाठी त्याला शंभराच्या आसपास एन्झाइमं लागतात, आणि त्यांचे बरेचसे जनुक जवळपास नऊ लाख बेसजोड्यांच्या एका प्लास्मिडवर आहेत. उत्तर समुद्रात डायाटमचा बहर येतो तेव्हाही सोप्या आणि कठीण अन्नातला हा भेद दिसतो. हेल्गोलँडला १९६२पासून पाण्याची नियमित नोंद ठेवतात. तिथे २००९च्या वसंतातल्या बहरानंतर फॉर्मोसा, पोलॅरिबॅक्टर वगैरे जिवाणू एकामागून एक पाळीपाळीने वाढताना दिसले. लॅमिनारिनसारखं सोपं अन्न झटपट फस्त होतं, आणि सल्फेटवाली फ्यूकोजची बहुशर्करा पाण्यात साचत जाऊन कणांच्या रूपात तळाकडे निघते. एका वर्षाच्या प्रबंधात हे झेपणार नाही. अल्जिनेट झेपेल.

कोकणातून काहीतरी वेगळं हवंच असेल तर पावसाळ्यात खडकांवर येणारं पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस हे लाल शैवाल बघा. त्यात पोर्फायरन असतं, अगारचंच सल्फेटवालं भावंड. पोर्फायरन तोडणारं एन्झाइम आधी झोबेलियात ओळखलं गेलं, आणि त्याचे जनुक जपानी माणसांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स प्लेबियसमध्ये सापडले. नोरी हे शैवाल खाता खाता समुद्री जिवाणूंकडून ते तिथे पोचले असावेत, असा २०१०चा निष्कर्ष. आपल्या किनाऱ्यावरच्या पोर्फायरावर कोण बसलंय, हे पाहण्यासारखं आहे. फक्त निसरड्या खडकांवर जुलैत एकटीने जाऊ नका, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि तिथला कोणी माहीतगार सोबत असू द्या.

गाईडना भेटताना 'तुमचं चुकलं' असं म्हणत जाण्यात अर्थ नाही. पेप्टोनशिवायच्या माध्यमातली तीन मोजमापं, दोन कंट्रोल आणि लुगॉल ओतलेल्या प्लेटचा फोटो घेऊन जा. त्याआधी, म्हणजे आज-उद्यातच, खड्डे पाडणाऱ्या प्रत्येक आयसोलेटचे आणि न पाडणाऱ्या निदान काहींचे ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० अंशांत टाका. ग्लिसरॉल समुद्राच्या पाण्यात मिसळलेलं हवं. अगार खाणाऱ्यांच्या प्लेटा फ्रीजमध्ये महिनाभर ठेवल्यात तर कॉलनीखालचं अगार पातळ होऊन शेजारच्या कॉलनी एकमेकींत मिसळतात, आणि मग शुद्ध कल्चर कुठलं, हे शोधण्यात पुढचे दोन आठवडे जातात.